स्पॅनिशची शिक्षिका व्हायचे आहे : पदवी हवी की प्रमाणपत्र पुरे?

प्रश्न : मी कोल्हापुरात बारावीच्या कला शाखेत शिकते. ऑनलाइन वर्गातून स्पॅनिश शिकत असून ‘ए-२’ पातळी (सहा पातळ्यांपैकी दुसरी) पूर्ण झाली आहे. पुढे हीच भाषा शिकवावी असे मनापासून वाटते. वडिलांचे म्हणणे असे की, इथेच इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. करावे आणि स्पॅनिशच्या परीक्षा सोबत देत राहाव्यात. त्यासाठी दिल्लीला जाणे खरोखर गरजेचे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शिकवणे हेच ध्येय असेल, तर माझे मत पदवीच्या बाजूने आहे. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेन सरकारच्या संस्थेची ‘डेले’ ही स्पॅनिशची परीक्षा मोलाची आहे आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. परंतु तुम्हाला भाषा किती येते एवढेच त्यावरून कळते, ती दुसऱ्याला शिकवता येते की नाही हे कळत नाही.

एक उदाहरण पाहा. स्पॅनिशमध्ये एका आंब्यासाठी ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणतात, अनेक आंबे असले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजीच्या वाटेने शिकणारे इथे हमखास अडखळतात, कारण ‘मी’ हाच कर्ता असे ते धरून चालतात. मराठी मुलांसमोर ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ एवढे फळ्यावर लिहिले, तरी क्रियापद आंब्यामागे चालते हे त्यांना चटकन उमगते. दोन भाषा कुठे जुळतात आणि कुठे दगा देतात हे ओळखायला व्याकरण, ध्वनिविचार आणि साहित्य यांचा क्रमवार अभ्यास लागतो. शिवाय स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला ‘तुम्ही’ म्हणताना ‘वोसोत्रोस’ वापरतात, तर लॅटिन अमेरिकेत ‘उस्तेदेस’, आणि यातले कोणते शिकायचे, हे विद्यार्थी विचारणारच.

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व दिल्ली विद्यापीठ येथे, तसेच हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत स्पॅनिशची पदवी घेता येते. दिल्लीतील दोन्ही विद्यापीठांचे प्रवेश ‘सीयूईटी’ या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात आणि तिचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरावे लागतात, म्हणून आतापासून लक्ष ठेवा.

वडिलांचा बी.एड.चा आग्रह चुकीचा नाही. शाळेतील नोकरीसाठी ते बहुतेक ठिकाणी मागतात, आणि ते स्पॅनिशच्या पदवीनंतरही करता येते. मात्र बहुतेक बी.एड. महाविद्यालयांत स्पॅनिश ही अध्यापन पद्धती (म्हणजे शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा विषय) म्हणून मिळत नाही, हे ध्यानात असू द्या. महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर स्पॅनिशमध्ये किमान ५५ टक्क्यांसह एम.ए. आणि त्यानंतर ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा हा रुळलेला मार्ग आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांमध्ये स्पॅनिशचा नावानिशी उल्लेख आहे. तरीही खरे सांगायचे तर कोल्हापुरात या विषयाच्या जागा थोड्या आहेत. आंतरराष्ट्रीय शाळांमुळे पुण्या-मुंबईत संधी अधिक मिळतील. घरापासून दूर राहण्याची काळजी स्वाभाविक आहे, पण बाहेरगावच्या मुलांना शिकता यावे म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून जिथे वसतिगृहे उभी केली, त्या शहरात शिक्षणासाठी घर सोडणे कोणाला नवखे वाटू नये.

काही कारणाने कोल्हापुरातच राहावे लागले, तर पदवीच्या तीन वर्षांत ‘डेले’ची किमान ‘बी-२’ ही चौथी पातळी गाठा. एम.ए.ला स्पॅनिशचीच बी.ए. अनिवार्य आहे का, हे त्या-त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत बी.ए.ला प्रवेश घेण्यापूर्वीच वाचा आणि वडिलांनाही दाखवा.