फॉर्म कपाटात, देह स्मशानात

मी शरीररचनाशास्त्र शिकवते. देहदानाचं रजिस्टर आणि पीजी, म्हणजे पदव्युत्तर, विद्यार्थ्यांचं वेळापत्रक ही दोन्ही कामं विभागात माझ्याच टेबलावर येतात. बाहेरून ती वेगळी दिसत असली तरी रात्री दोनला देहदानाचा फोन वाजला की उचलणारा पीजीच असतो. त्यामुळं आलेले प्रश्नही एकत्रच घेते.

सासऱ्यांनी आठ वर्षांपूर्वी देहदानाचा फॉर्म भरला आहे. परवा दीर म्हणाले, "वडलांना चिरायला देणार नाही, पाव्हणे तोंडात शेण घालतील." फॉर्म मोठा की दीर? – एक सून, कागल

दीर.

राग येईल, पण खरं तेच आहे. १९४९ चा अ‍ॅनाटॉमी कायदा आहे, नंतर त्यात स्वेच्छेनं देह देण्याची तरतूदही झाली. पण घरातला एक जण दारात आडवा उभा असताना देह उचलून नेणारं महाविद्यालय मी तरी पाहिलेलं नाही. आम्ही स्वतःच मागं सरतो. ज्यानं सही केली तो त्या दिवशी बोलायला नसतो, आणि तो गेल्याचं आम्हाला कुणी कळवल्याशिवाय कळतही नाही. सही करणाऱ्याची इच्छा असते. प्रत्यक्ष देह देतो तो त्या रात्री फोन करणारा.

आमच्या रजिस्टरमध्ये नावं भरपूर आहेत, येणारे देह त्या मानानं थोडे. बाकीच्यांचं काय झालं ते कधीतरी बाजारात कुणी भेटलं की कळतं. "अहो, फॉर्म कपाटात होता, माती झाल्यावर सापडला."

तुमचे सासरे हयात आहेत, म्हणजे अजून वेळ आहे. त्यांची बाजू तुम्ही मांडू नका. सून बोलली की विषय देहदानाचा राहत नाही, घरातल्या जुन्या हिशेबाचा होतो. सासऱ्यांनाच एखाद्या रविवारी, सगळे जेवायला असताना, दिरांसमोर बोलू द्या. फॉर्मवर साक्षीदार शेजारचे असतील तर नवा फॉर्म भरून एका साक्षीदाराच्या जागी दिरांचीच सही घ्या. मुलानं स्वतः सही केली असली की पाव्हण्यांना उत्तर द्यायला तोच पुढं होतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. एवढं करूनही त्या वेळी दीर नाहीच म्हणाले तर मयताच्या घरात भांडू नका. डोळे तरी द्या म्हणा. त्याला सहसा कुणी आडवं येत नाही.

आईची शेवटची इच्छा देहदानाची होती. आम्ही सगळे तयार होतो, तरी महाविद्यालयानं देह नाकारला. ती दीड वर्ष अंथरुणावर होती. फार लागलं मनाला. – इचलकरंजी

लागणारच. आणि बहुतेक वेळा फोनवरचा माणूस कारण धड सांगत नाही, "बसत नाही नियमात" म्हणून ठेवून देतो. म्हणून सविस्तर लिहिते.

देह टिकवायचा तर मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून रसायन आत सोडावं लागतं. त्यात फॉर्मॅलिन असतं, बुरशी धरू नये म्हणून फिनॉल, ऊती मऊ राहाव्यात म्हणून ग्लिसरीन, शिवाय स्पिरिट. हे सगळं रक्तवाहिन्यांच्याच वाटेनं बोटांच्या टोकापर्यंत पोचायला हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर, माकडहाडावर खोल जखमा झालेल्या असतात. तिथं वाहिन्याच उरलेल्या नसतात, रसायन पोचत नाही आणि देह तिथूनच खराब व्हायला लागतो. शवविच्छेदन झालेला देह याच कारणानं घेत नाहीत. सगळ्या वाहिन्या कापलेल्या, सोडलेलं रसायन पोटात सांडणार. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू, म्हणजे पोलीस केस झाली की पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम आलंच. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, चालू क्षयरोग यांत प्रश्न टेबलाभोवतीच्या मुलांचा असतो. हातात सुरी असते, हातमोजा फाटतो.

नाकारण्याचे नियम आजचे नाहीत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव कसं निवडावं ते सांगितलं आहे. विषानं मेलेला नको, दीर्घ आजारानं गेलेला नको, शंभरीचा नको. मग ते शव मुंज गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं आणि सात रात्रींनंतर कुंचल्यानं हळूहळू घासत एकेक थर बघायचा. आम्ही कुजू नये म्हणून धडपडतो, त्यांनी कुजण्याचाच उपयोग करून घेतला. पण निवडीच्या बाबतीत आमची आणि त्यांची यादी बरीच जुळते. तुमच्या आईचा देह त्यांनीही घेतला नसता. तिची इच्छा खोटी नव्हती, तुमचीही काही चूक नव्हती.

देहदान केलं तर रक्षाविसर्जनाचं काय? पेपरात निधनवार्ता देताना शेवटची ओळ काय लिहायची? – शिवाजी पेठ

अस्सल कोल्हापुरी प्रश्न! आपल्याकडं निधनवार्ता वाचायला लागलं की नजर आधी त्या शेवटच्या ओळीवर जाते, रक्षाविसर्जन कधी आणि किती वाजता. ती ओळ नसली तर पंचगंगेवर जायचं कुठल्या दिवशी हेच लोकांना कळत नाही. तिथं लिहावं, "त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले. शोकसभा अमुक दिवशी, राहत्या घरी." लोकांना भेटायला एक दिवस आणि एक वेळ लागते, ती द्या.

विधींचं म्हणाल तर घरून देह हलवण्याआधी अंघोळ, हळद-कुंकू, हार, आरती, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजळ, काय हवं ते करा. आम्ही घाई करत नाही, फक्त तासांचं भान ठेवा. दहावा-तेरावा काही घरं करतात, काही दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. काहीच न करणारेही आहेत. आपल्या जिल्ह्यात रक्षा नदीत न सोडता शेतात पसरून झाड लावणारी गावं आहेत. एका घरानं रक्षा नाही म्हणून वडलांचं धोतर पुरून त्यावर आंबा लावला. मला ते फार आवडलं. कावळा शिवला का, ते मी विचारलं नाही.

अभ्यास झाल्यावर, म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी, जे उरतं त्यावर अंत्यसंस्कार होतात. हाडं बहुधा शिकवण्यासाठी ठेवली जातात. नंतर अस्थी मिळतील का, हे फॉर्म भरतानाच विचारा. प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते आणि तेव्हा न विचारलेलं नंतर टोचत राहतं.

गडहिंग्लजहून कोल्हापूरला रात्री-अपरात्री देह आणायचा तर नेमकं काय करावं?

आधी फोन, मग गाडी. उलटं करू नका.

नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या महाविद्यालयात होते तिथं एक कुटुंब आजोबांना घेऊन पहाटे तीनला फाटकावर आलं. पहारेकऱ्याला काही माहीत नव्हतं, विभागाला कुलूप. दोन तास थांबून ते परत गेले आणि उजाडताना स्मशानात अग्नी दिला. सकाळी मला कळलं तेव्हा त्यांना फोन करायचं धाडस झालं नाही. त्यानंतर मी जिथं जिथं काम केलं तिथं पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये नंबरांचा कागद स्वतः चिकटवला.

कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय ही दोन मोठी ठिकाणं. देह घेऊन सरळ थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरच्या अपघात विभागात, जाऊ नका. देह घेतो तो शरीररचनाशास्त्र विभाग. कुठल्या फाटकातून यायचं, ते फोनवर विचारून घ्या.

डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र हवंच. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४ अ. खेड्यात सगळं इथंच अडतं. रात्री डॉक्टर मिळत नाहीत, मिळाले तर "मी तपासत नव्हतो" म्हणतात. वयस्कर माणूस घरी असेल तर नेहमीच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. मृत व्यक्तीचं आणि सोबतच्या नातेवाइकाचं आधार घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत करायची असते, देहदानामुळं ती टळत नाही.

सहा-आठ तासांत पोचलात तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये त्याहून लवकर. पाव्हणे लांबून यायचे असतील तर शीतपेटी मागवा. डोळे द्यायचे असतील तर सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. नेत्रदान झालेला देह आम्ही घेतो.

मुलाला नीट पीजीत एमडी अ‍ॅनाटॉमी मिळत आहे. नातेवाईक "मेलेल्यांचा डॉक्टर होणार का" म्हणतात. घ्यावी का? – राजारामपुरी

त्याला शिकवायला आवडतं का? हे एकच विचारा. नसेल तर घेऊ नये, तीन वर्षं फार लांब वाटतात. सीट अडवून बसायचं आणि डोळा पुढच्या वर्षीच्या मेडिसिनवर ठेवायचा, असे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्यांचं चुकतं असं नाही, पण टेबलाभोवतीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ते बरोबर ओळखू येतात.

आवडत असेल तर काम भरपूर आहे. सकाळी डिसेक्शन हॉलमध्ये एमबीबीएसची मुलं, दुपारी हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायच्या, स्लाइड, मधे सेमिनार, जर्नल क्लब आणि थिसिस. नियमांप्रमाणं तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काढावे लागतात. पगाराची चिंता नको, जितकी नवी महाविद्यालयं निघतात तितके शिकवणारे लागतात.

आणि देहदानाचा फोन. नव्या पीजीला मी एम्बामिंगच्या, म्हणजे देहात रसायन सोडण्याच्या, आधी फोनवर बोलायला शिकवते. "बॉडी कधी आणताय?" असं एकदा जरी ऐकू आलं तरी त्याला बाजूला घेते. "बाबा किती वाजता गेले? सोबत कोण आहे? डॉक्टर येऊन गेले का?" असं विचारायचं. कावीळ किंवा क्षयरोग होता का तेही विचारावंच लागतं, पण तिसरा-चौथा प्रश्न म्हणून, पहिला नव्हे. हे पाठ्यपुस्तकात नाही. तुमच्या मुलाला हे जमलं तर नातेवाइकांना सांगा, हा मेलेल्यांपेक्षा जिवंतांशीच जास्त बोलतो.

एक काळजी मात्र खरी. फॉर्मॅलिनमधलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून मान्य झालेलं आहे. हॉलमध्ये हवा खेळती आहे का, बाहेर ओढणारे पंखे चालतात का, हे प्रवेश घेण्याआधी स्वतः आत जाऊन बघा. डोळे चुरचुरले तर विभागप्रमुखांना विचारायला लाजू नका.

मी पीजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूत्रपिंडाच्या धमन्यांवर थिसिस घेतला, पण देह पुरत नाहीत. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, नमुन्यांचा आकडा मोठा लिहून बसलो. सीनियर म्हणतात, "करून टाक." – नाव छापू नये

"करून टाक" म्हणजे काय ते मला कळलं, तुम्हालाही कळलंय. नको.

विषय चांगला आहे. दर माणसाला प्रत्येक मूत्रपिंडाला एकच धमनी असते असं आपण शिकवतो, पण साधारण चारातल्या एका माणसात जादाची धमनी सापडते. किडनी काढणाऱ्या आणि बसवणाऱ्या सर्जनला त्या जादाच्या धमनीनंच घाम फुटतो. तुमच्या तक्त्यातली खोटी ओळ अशा माणसापर्यंत पोचू शकते.

करता येण्यासारखं बरंच आहे. शेजारच्या महाविद्यालयांना, आयुर्वेद महाविद्यालयांनाही, गाईडच्या सहीचं पत्र द्या. आतड्याचं डिसेक्शन संपल्यावर मूत्रपिंडाचा भाग तुम्हाला बघू द्या म्हणावं, वेगळा देह मागू नका. क्ष-किरण विभागाकडं सीटी अँजिओग्राफीच्या जुन्या फिल्म असतात, त्यांची तुलना जोडता येते. यातलं काहीही करायचं तर आधी एथिक्स कमिटीकडं दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. आकडा कमी करण्यासाठीही तोच अर्ज. "नमुने उपलब्ध नाहीत" हे कमिटीला पटतं, त्यांनी ते अनेकदा ऐकलेलं असतं. परीक्षकालाही वीस खरे नमुने चालतात. गाईडच चालढकल करत असतील तर विभागप्रमुखांकडं लेखी जा, तोंडी नव्हे.

फोटोंचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. धमनीचा फोटो थिसिससाठी काढा, चेहरा आणि गोंदण फ्रेममध्ये नको. दंडावर गोंदलेल्या नावावरून माणूस ओळखू येतो. आणि टेबलावरचा देह बेवारस असेल तर जास्तच जपा. दात्यानं निदान हो म्हटलं होतं. त्याला तर कुणी विचारलंच नव्हतं.

मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. डिसेक्शन सुरू झाल्यापासून जेवत नाही. – एक आई, जयसिंगपूर

दोन-तीन आठवडे जाऊ द्या. वास केसांत बसतो, म्हणून घरी आल्यावर आधी अंघोळ, मग ताट. मटण काही दिवस करू नका, रविवार असला तरी. आता अभ्यासक्रमातच "देह हा आपला पहिला गुरू" असा भाग आहे आणि सुरुवातीला मुलं देहापुढं शपथ घेतात. तिला त्या शपथेबद्दल विचारा, बोलेल. महिन्यानंतरही झोप नसेल तर वर्गशिक्षकांना किंवा मेंटॉरना फोन करा, ती नको म्हणाली तरी.

मला डोळे, किडन्या, देह सगळंच द्यायचं आहे. एकाच फॉर्ममध्ये होतं का? आणि खर्च किती?

एका फॉर्ममध्ये नाही. किडनी, यकृत देता येतं ते मेंदूमृत्यू झाल्यावर, अतिदक्षता विभागात असतानाच. त्याला १९९४ चा वेगळा कायदा आहे आणि आपल्याकडचं काम पुण्याच्या समन्वय केंद्रातून चालतं. अवयव दिल्यावर देह सहसा आम्हाला चालत नाही, कारण वर सांगितलेलंच. वेळ आली तर अवयव आधी. आम्ही थांबू.

देहदानाच्या फॉर्मला पैसे पडत नाहीत, आणि देहाचे पैसे कुणी देतही नाही. या दोन्हींपैकी कशाबद्दलही कुणी बोललं तर तिथून उठा. दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स लागते. झेरॉक्सचे तेवढे तुमचे.