पाळणाघरांना भागवार अनुदान: चालू फीची सरासरी धरू नका

ताई, तुमचा प्रश्न सगळा वाचला. ट्रस्टतर्फे कामगार बायकांच्या पोरांसाठी पाळणाघरांना दर मुलामागं महिन्याला अनुदान द्यायचंय, कोल्हापूर शहर, एमआयडीसीचा पट्टा आणि गगनबावडा-राधानगरीकडचा भाग असे तीन गट केलेत, आणि प्रत्येक गटात सध्या चालू असलेल्या फीची सरासरी काढून तोच दर धरायचा का, असं विचारलंय. माझं सरळ मत, तसं करू नका. मी बरीच वर्षं शिरोली-उचगाव बाजूच्या पाळणाघरांचे हिशोब बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या भागात आईचा पगारच कमी तिथं पाळणाघरवाली फी वाढवूच शकत नाही, पोरं निघून जातील ना. मग ती काय करते, स्वतः पगार घेत नाही, नाहीतर एका बाईवर पंधरा पोरं सांभाळते. म्हणजे तुम्हाला सर्व्हेत जो 800-900 चा आकडा दिसतोय तो पोर सांभाळायचा खर्च नव्हेच, आईला परवडतंय तेवढाच तो आकडा आहे. त्याच्यावर अनुदान बेतलं की गरीब भागाला कमी दर आणि राजारामपुरीसारख्या शहरातल्या सधन वस्तीला जास्त दर, आणि हे असंच वर्षानुवर्षं चालू राहणार. ज्यांच्यासाठी पैसे काढलेत त्यांनाच कमी मिळणार.

अमेरिकेत हा घोळ फार मोठ्या प्रमाणावर झालाय. तिथं केंद्राचा बालसंगोपनाचा निधी राज्यांना मिळतो, 1990 च्या कायद्याखाली, आणि दर राज्यानं ठरवायचे. त्यासाठी दर तीन वर्षांनी बाजारातल्या फीचा सर्व्हे करायचा आणि दर 75 व्या पर्सेंटाइलला ठेवावा अशी शिफारस. पर्सेंटाइल आता सीईटीमुळं घराघरात माहीत आहे, पण इथं अर्थ असा की भागातल्या सगळ्या जागांची फी चढत्या क्रमानं लावली तर शंभरातल्या पंच्याहत्तर जागा त्या दरात बसल्या पाहिजेत, म्हणजे आईला निवड करायला वाव राहतो. सरासरीपेक्षा हे कितीतरी बरं. पण कित्येक राज्यांनी दर त्याच्या खालीच ठेवले, काहींनी तर जुन्याच सर्व्हेवर, आणि फी हीच मुळात आईबापाच्या खिशावर ठरत असल्यानं गरीब काउंट्यांत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) दर पडलेलेच राहिले. म्हणून 2014 ला कायदा सुधारला तेव्हा सर्व्हेऐवजी खर्चाचं मॉडेल, म्हणजे पोर सांभाळायला खरा किती खर्च येतो त्याचा हिशोब, वापरायचीही मुभा दिली, आणि न्यू मेक्सिकोनं 2021 मध्ये तसे दर लावूनही दाखवले. तुम्ही पण तिकडूनच सुरुवात करा, खर्चाकडून.

खर्च कसा काढायचा ते एका नमुन्यावर दाखवते, आकडे फक्त समजण्यापुरते, तुमच्या भागातले तुम्ही घाला. बारा पोरं, दोन बायका. पगार प्रत्येकी 12,000 धरला तर 24,000. खोलीचं भाडं 4,000. दूध, नाष्टा, दुपारची खिचडी मिळून पोरामागं 700, म्हणजे 8,400. लाईट, गॅस, फिनेल, खेळणी, औषधाची पेटी 2,600. आणि बाई रजेवर गेली की बदली बाई लागते, ही ओळ सगळे विसरतात, तिचे 2,000. झाले 41,000, भागिले बारा, पोरामागं साधारण 3,400. आई 1,200 देऊ शकते असं धरलं तर तुमचं अनुदान 2,200.

आता हे रोजच्या हजेरीवर देणार का पटावर, म्हणजे नाव नोंदलेल्या सगळ्या पोरांवर, हे दराइतकंच महत्त्वाचं आहे. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीपाशी हायवेवर पाणी आलं, पोरं आलीच नाहीत, पण बायकांचा पगार आणि भाडं थांबलं का? वरच्याच हिशोबात पुराच्या महिन्यात हजेरी सातावर आली आणि तुम्ही हजेरीप्रमाणं पैसे दिले तर 26,400 च्या जागी 15,400 येतात, 11,000 कमी, म्हणजे जवळपास एका बाईचा पगारच गेला, आणि अशी गेलेली बाई परत येत नाही, फौंड्रीत नाहीतर पॅकिंगला लागते. तेव्हा पटावर द्या आणि महिन्याच्या सुरवातीलाच द्या. अमेरिकेच्या 2024 च्या नियमात पण हेच दोन्ही मुद्दे घातले होते.

भाग पाडताना कागदावरची हद्द बघू नका. कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडलंय, त्यामुळं पाचगाव आणि उचगाव ग्रामपंचायतीत मोडतात, पण तिथलं भाडं आणि बाईचा पगार शहराच्याच अंगानं जातोय. त्यांना ग्रामीण दर लावला तर तिथं कुणी पाळणाघर चालवणारच नाही. भाडं आणि मजुरी हेच दोन आकडे घ्या, त्यावर गट करा, तालुक्याचं नाव नंतर बघू. गगनबावड्याकडं तर मोजायला पाळणाघरंच किती सापडतील, दोन-तीन ठिकाणच्या फीवरनं कसलं पर्सेंटाइल काढणार, तिथं खर्चाचाच हिशोब धरावा लागेल, आणि भाडं कमी पडलं तरी दूध-भाजी पोचवायचा खर्च जास्त पडतो हे ध्यानात ठेवा.

वयाचं पण बघा. दीड वर्षाच्या आतलं पोर आणि चार वर्षाचं पोर एकाच दरात धरलं की पाळणाघरवाली तान्ह्यांना जागाच देत नाही, कारण एक बाई तीन-चारच तान्ही सांभाळू शकते. आणि नेमकी त्याच वयात आईला कामावर परत जायचं असतंय. तान्ह्यांचा दर वेगळा, चांगला जास्त ठेवा. इचलकरंजीकडं पुढं गेलात तर यंत्रमागाची रात्रपाळी आहे, त्यालाही वेगळा दर लागेल.

सरकारी योजनेचं उदाहरण देऊन ट्रस्टी म्हणतील की तिथं तर एवढ्या कमीत भागतंय. 2017 च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सेविकेला महिना 3,000 आणि मदतनीसला 1,500 मानधन होतं, आणि पालकांकडनं 20, 100, 200 असे उत्पन्नावर टप्पे, मुंबई असो नाहीतर चंदगड. त्या पैशात दिवसाला साडेसात तास पंचवीस पोरं सांभाळायची होती. ते भागत नव्हतं ताई, बायका सोसत होत्या. ट्रस्टींना हा आकडा जरूर दाखवा पण दर त्याच्यावर बेतू देऊ नका.

50 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कायद्यानंच पाळणाघराची सोय करावी लागते, तेव्हा तुमच्या यादीत अशा कारखान्यातल्या आया किती आहेत ते आधी वेगळं काढा, त्यांचा भार मालकानं उचलायचा. तुमचे पैसे लहान वर्कशॉप, धुणीभांडी आणि शेतमजुरी करणाऱ्या बायकांकडं वळवता येतील.

सर्व्हेला जाताना फी विचारण्याआधी पगाराची वही बघायला मागा, आणि मालकीणबाई स्वतःला महिन्याला किती घेते हे वेगळं विचारा. बऱ्याच ठिकाणी उत्तर शून्य येईल, तिथं शून्य लिहू नका, त्या कामाचा चालू पगार लिहा. पाच-सहा ठिकाणचे हिशोब जमले की इथंच टाका, मी ओळीनं बघून देते.