वडिलांना अर्धांगवायूनंतर रिहॅब सेंटरमध्ये ठेवायचंय. पुण्यात सगळ्यांनाच ४.८ रेटिंग आहे. चांगलं सेंटर ओळखायचं कसं?

रात्री नऊनंतर जाऊन बघा. एवढंच लिहून थांबणार होते. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की भाऊ बंगळूरला असतो, तो ऑनलाइन बघून तीन नावं काढतोय आणि तुम्ही फक्त ॲडमिशन करायची आहे. ते वाचलं आणि राहवेना. आमच्याकडेही अशीच नावं काढून झाली होती, न्यू जर्सीहून.

आमच्या वडिलांची, अण्णांची, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर म्हणाले, पहिले तीन महिने सोन्यासारखे आहेत, वेळ घालवू नका. न्यू जर्सीतल्या दादाने एक्सेल शीट केली. रेटिंग, फोटो, रोबोटिक फिजिओ आहे का, खोलीत वायफाय आहे का. बेडसोअरचा, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेचा, रकाना त्यात नव्हता. शीटमध्ये पहिलं आलं ते बाणेरच्या पुढचं एक सेंटर. नाव विचारू नका, मेसेज करूनही विचारू नका. काचेचा दर्शनी भाग, आत माशांची मोठी टाकी, रिसेप्शनला ब्लेझर घातलेली मुलगी. तिचा पहिला प्रश्न होता, 'मॅम, पेमेंट इंडियातून होणार की बाहेरून?'

शाळा सुटली की मी थेट तिकडे जायची. पलंगाच्या पायथ्याला क्लिपबोर्ड अडकवलेला असायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, त्याचा तक्ता: वेळ, बाजू, सही. एका संध्याकाळी सहज हातात घेतला. सहा, आठ, दहा, बारा, रात्रीचे दोन, पहाटेचे चार, सगळ्या चौकटी भरलेल्या. डावी, पाठ, उजवी, डावी, पाठ, उजवी. एकच निळं पेन, एकच तिरकी सही. घड्याळात पावणेसहा वाजले होते! मी जन्मभर हजेरीपत्रकं भरलेली बाई आहे. आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं पान मला दुरून ओळखू येतं.

मावशींना हाक मारली आणि दोघींनी मिळून अण्णांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लालसर-काळपट डाग. बोटाने दाबून सोडला, पांढरा पडला नाही. हे तुम्हीही शिकून घ्या: लाल जागा दाबून बोट काढल्यावर क्षणभर पांढरी पडली तर ठीक, तशीच लाल राहिली तर बेडसोअर सुरू झालाय. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, टणक किंवा पिळपिळीत लागतं का. मॅनेजर आला आणि म्हणाला, 'मॅडम, आपण पेशंटला एअर बेड दिलाय.' दिला होता खरा. पंपाचा प्लग काढून तिथे कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावला होता.

तक्त्याचा फोटो दादाला पाठवला. त्याचं उत्तर, 'क्लेरिकल इश्यू असेल गं. ४.८ आहे.'

आता या ताऱ्यांचं एकदा सांगूनच टाकते. दादाचा ताऱ्यांवर विश्वास का, तर तो राहतो तिथे ते सरकार देतं. मेडिकेअरने, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, २००८ पासून नर्सिंग होमना (तिकडे म्हणजे म्हातारी-आजारी माणसं ठेवायची ठिकाणं) एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. त्यामागे आधी न कळवता अचानक येणाऱ्या तपासनीसांचे अहवाल असतात, किती नर्स किती तास कामावर होत्या याचा पगारपत्रकावरून काढलेला हिशोब असतो, आणि रुग्णांच्या तब्येतीचे आकडे असतात. (यातले तब्येतीचे बरेचसे आकडे संस्था स्वतःच भरून पाठवतात, हे मी दादाला सांगितलं तेव्हा त्याने विषय बदलला.) आपल्याकडे तारे देतो तो नातेवाईक. ॲडमिशनच्या आठवड्यातच त्याच्यापुढे क्यूआर कोड धरतात, 'सर, एक छोटासा रिव्ह्यू टाका ना.' आपलं माणूस आत पलंगावर असताना दोन तारे द्यायची कुणाची छाती आहे? मीही पाचच दिले असते. रिव्ह्यू वाचायचेच असतील तर पेशंट घरी गेल्यावर लिहिलेले वाचा, आणि त्यात कुणा मावशीचं किंवा सिस्टरचं नाव घेऊन लिहिलंय का बघा.

अण्णांना तिथून हलवलं ते सिंहगड रोडच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात. फिनाईलचा वास, लोखंडी पलंग, रोबोट नाही. आत्या बघायला आली आणि 'इथे टाकलंस त्याला?' म्हणाली. पण चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न होता, 'घरी किती पायऱ्या चढायच्या आहेत? संडास साधा आहे की कमोड?' मला तिथेच बरं वाटलं. म्हणजे ही बाई अण्णांना घरी पाठवायचा विचार करतेय. तुम्ही जाल तिथे उलटं विचारा: किती आठवड्यांत घरी सोडाल, आणि तोपर्यंत त्यांना स्वतःला काय काय जमायला हवं? 'तसं सांगता येत नाही' हे प्रामाणिक उत्तर असू शकतं. पण त्यापुढे 'आधी बसतं करू, मग पलंगावरून खुर्चीत, मग कमोडपर्यंत' असं काही आलं नाही, तर ते रिहॅब नाही, जेवणासकट लॉज आहे.

फिजिओचं सगळीकडे 'दिवसातून दोनदा' असंच छापलेलं असतं. त्या दोनदांत पेशंट स्वतः काय करतो ते बघा. पंचवीस मिनिटं त्याचे पाय कुणीतरी वरखाली केले तर घाम फिजिओला येतो. आणि उरलेला दिवस? पलंगावरून उठवताना कसं उठवतात हे एकदा तरी डोळ्यांनी बघाच. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढलं की खांदा निखळतो, आणि मग त्या दुखण्यापायी माणूस व्यायामच करू देत नाही. हे मी तिथल्या मामांकडून शिकले. मामा दहावी नापास, उदगीरकडचे. पण कमरेला पट्टा बांधून, आपला गुडघा अण्णांच्या गुडघ्याला टेकवून 'एक, दोन, उठा आजोबा' म्हणत असे उभे करायचे की बघत राहावं.

जेवणाची वेळ गाठा. झोपल्या झोपल्या कुणी चहा पाजत असेल तर मी म्हणेन तिथूनच मागे फिरा. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं बिघडलेलं असतं, आणि घट्ट पेजेपेक्षा पाणी आणि चहाच जास्त सहज श्वासनलिकेत जातो. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि घरच्यांना वाटतं 'ताप आला अचानक'. आधी गिळण्याची तपासणी कुणी केली हे विचारा. नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतर निदान अर्धा तास पलंगाची डोक्याकडची बाजू तीस-पंचेचाळीस अंश वर हवी. बंगल्यातल्या मावशी दर घोटाला 'आजोबा, हनुवटी खाली' म्हणायच्या. महिनाभराने अण्णा दुसऱ्या आजोबांना खुणेने हनुवटी खाली घ्यायला सांगायला लागले.

लघवीची पिशवी जमिनीवर लोळत नसावी आणि पेशंटच्या कमरेपेक्षा वर टांगलेली नसावी, हे दारातूनसुद्धा दिसतं. त्याहून मोठा प्रश्न: नळी अजून का आहे? हॉस्पिटलने घातली म्हणून चालूच, असं उत्तर आलं तर त्यांना सोय स्वतःची बघायची आहे. नळी ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधतात का, हेही स्पष्ट विचारा. टाचा बघा. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवलेली असली की समजा तिथे कुणाला तरी काम येतं. ढुंगणाखाली हवेची रिंग आणि टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा दिसला तर ती जुनी पद्धत आहे. दाब कमी होण्याऐवजी कडेकडेने वाढतो, म्हणून आताच्या मार्गदर्शक सूचनांत दोन्हींना नकार आहे.

आणि रात्र. दिवसा सगळेच चांगले असतात. आमच्या शाळेत तपासणी असली की आदल्या दिवशी व्हरांडा धुतला जातो, तसं दुपारी ठरवून दिलेल्या 'टूर'मध्ये तुम्हाला धुतलेला व्हरांडाच दिसणार. नऊनंतर जा. काही औषध विसरलंय, चष्मा द्यायचाय, काहीही सांगा. किती पेशंट आणि किती माणसं जागी आहेत ते मोजा. त्यातल्या किती जणी जीएनएम किंवा एएनएम (हे नर्सिंगचे कोर्स) झालेल्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या आणि किती नुसता युनिफॉर्म घातलेल्या, ते विचारा. एखादी बेल वाजू द्या आणि कोण किती वेळाने येतं ते बघा. मावशींशी दोन शब्द बोला. 'कधीपासून आहात इथे?' याला 'परवाच आले, ब्युरोने पाठवलं' असं तिघींनी सांगितलं तर मालक कितीही गोड बोलो, तिथे माणूस टिकत नाही. रोज नवीन बाई आली की अण्णांचा उजवा हात ओढायचा नाही हे तिला सांगणार कोण? अण्णा तर बोलू शकत नव्हते.

सरकारी बाजू थोडक्यात. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, पुण्यात नोंदणी महापालिकेचं आरोग्य खातं करतं, आणि २०२१ च्या नियमांनुसार दर आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली हवी. नोंदणीचा कागद मागा. बंगला भाड्याने घेऊन, पाटी लावून सुरू झालेली ठिकाणं कागद मागितला की चहा मागवतात. मेडिक्लेमचं काउंटरवर 'होऊन जाईल' म्हणतात, त्यावर जाऊ नका. बहुतेक पॉलिसींत विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल हे ठरावीक वगळणुकींत येतं, कोड एक्सक्ल ०५. पॉलिसी काढून वाचा. डायपर आणि हातमोजे बिलात वेगळे लावतात, त्यांचा आकडा आठवड्याला पडताळत जा.

दादाचं म्हणणं आजही हेच, की बंगला स्वस्त होता म्हणून मी अण्णांना हलवलं. स्वस्त होताच. पण वाचलेले पैसे जखमेच्या ड्रेसिंगला, प्रोटीनसाठीच्या अल्ब्युमिनला आणि माझ्या रिक्षांना गेले, सगळ्या पावत्या फाइलला आहेत. मागितल्या नाहीत कधी त्याने. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला पावत्या लागत नाहीत. तुमच्या भावाला आत्ताच सांगून ठेवा: तीन नावं तू काढ, पण ॲडमिशननंतरचा पहिला शनिवार-रविवार पलंगाशेजारी तू बसायचं. बंगळूर-पुणे विमान आहे. तो बसला तर पुढचे निम्मे वाद होणार नाहीत. नाही बसला तर निर्णय तुमचा, आणि मग मागून बोलायचं नाही, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मी तोंडी ठेवलं, म्हणून अजून ऐकतेय.

हे सगळं झटका आलेल्या पेशंटबद्दल आहे. डिमेन्शिया असेल किंवा गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी भोक पाडून घातलेली) नळी असेल तर बघायच्या गोष्टी वेगळ्या. शिवाय प्रत्येक बेडसोअर हलगर्जीपणामुळेच होतो असंही नाही. अंगात प्रोटीन उरलेलं नसलं, तब्येत फारच खालावलेली असली तर नीट कूस बदलूनही होतो, आणि बऱ्याचदा तो आयसीयूतूनच सोबत येतो. म्हणून ॲडमिशनच्या दिवशीच पाठ, माकडहाड, टाचा सिस्टरसमोर तपासा, फोटो काढा, फाइलमध्ये नोंद करून घ्या. नंतर कुणी कुणावर ढकलायला नको. आणि तक्ता आधीच भरणारी ती पोरगी वाईट होती असंही मी म्हणणार नाही. बारा तासांची ड्यूटी आणि तिच्या एकटीच्या वाट्याला अख्खा मजला. तिला तसं करायला लावणारा माणूस माशांच्या टाकीमागच्या केबिनमध्ये बसला होता. त्याच्याकडे मी तक्रार लेखी दिली, पोच घेतली. तुम्हीही तोंडी भांडू नका, लेखी द्या. कुठेच दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

अण्णा आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. बोलणं अर्धंमुर्धं आलंय, शिव्या मात्र पूर्ण येतात.

बंगल्याचं नाव बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून इथेच सांगते, तेही देणार नाही. डॉक्टरीणबाईंनी ते चालवायला दुसऱ्यांना दिलंय, मामा गावी परत गेले, आणि त्या मावशीही आता तिथे नाहीत. मी दिलेलं नाव घेऊन तुम्ही रात्री बघायला जायचं टाळाल, म्हणून नाहीच देत.