शंका-समाधान : हिम, बर्फ आणि मधली हवा

प्रश्न : डिसेंबरअखेर केदारकंठाच्या ट्रेकला निघतोय. स्टोव्हवर पाणी करायची वेळ आली तर भुसभुशीत हिम घ्यावं, की ओढ्यावरचा टणक बर्फ फोडावा? शेवटी दोन्ही पाणीच ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाणीच, पण हिमात हवा फार. टणक बर्फ घनमीटरला सुमारे ९१७ किलो भरतो, ताजं कोरडं हिम ५० ते १००. लिटरभर पाण्याला दहा ते वीस लिटर हिम लागेल. बर्फ मिळत असेल तर तोच फोडा. इंधनाचं म्हणाल, तर ० अंशाचा एक किलो बर्फ किंवा हिम वितळायला सारखीच, ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी ० वरून ८० अंशांवर गेलं असतं. गॅस जास्तीचा घ्या.

हिमच घ्यावं लागलं तर कोरड्या भांड्यात कोंबून आच मोठी करू नका. तळाशी सुटलेलं पाणी वरचं हिम टिपकागदासारखं ओढून घेतं. तळ कोरडा पडून भांडं करपतं, पाण्याला जळकट चव येते. आधी दोन बोटं पाणी तापवा, मग मूठमूठ हिम घालत ढवळा. वाटेपासून दूरचं, स्वच्छ हिम निवडा आणि पाणी उकळूनच प्या.

चालताना हिशेब उलटा. ताज्या हिमात बूट रुततो, म्हणून पकड मिळते. दुपारी वितळून रात्री गोठलेली वाट सकाळी घात करते, कारण शून्याखालीही बर्फाच्या पृष्ठभागावर सैल रेणूंचा पातळ थर असतो. तिथे मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे धातूचे दाते) लागतातच. गॉगल मात्र हिमावर जास्त गरजेचा : ताजं हिम ८० ते ९० टक्के प्रकाश परतवतं.

प्रश्न : फ्रीजरच्या भिंतीवर साचतं ते काय? सुरीने खरवडलं तर चालेल?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : अजिबात नाही. भिंतीमागच्या नळीला भोक पडलं की गॅस गेलाच. हवेतली वाफ पाणी न होता थेट गोठून हा थर बनतो, म्हणून घडणीने तो हिमाच्या जवळचा. त्यात अडकलेली हवा उष्णता अडवते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. थर अर्धा सेंटिमीटर झाला की फ्रीज बंद करा, दार उघडं ठेवा, आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवा. थर पुन्हा भराभर साचू लागला तर दारात कागद धरून ओढून पाहा. सहज निघाला तर रबर सैल झालंय.