जर्मनीतली पहिली जवसाची चटणी

बाबू, डब्यातली चटणी संपली म्हणून रडू नको. आपल्या यवतमाळकडची कोणतीही चटणी परदेशात सहज जमत असेल, तर ती जवसाची. तिथं जवसाला 'लाइनझामेन' म्हणतात. किराण्यातून अख्खाच आण, दळलेला नको.

वाटीभर जवस, सात-आठ सुक्या लाल मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या, जिरं, मीठ. सुरुवातीला एवढंच. कराळ, तीळ नंतर पाहू.

भाजणीतच नवखे चुकतात. आच मंद ठेव. जवस तडतडून उडायला लागला की दोन दाणे चावून पाय. कुरकुरीत तुटले तर लगेच ताटात ओत. कढईतच राहू दिला तर कडू होतो. मिरची मात्र गॅस बंद करून, उरलेल्या उष्णतेवर. मी पहिल्यांदा मोठ्या आचेवर टाकली, तर धुराचा भोंगा वाजला अन् अख्खी इमारत खाली! खिडकी आधी उघड.

आणखी दोन चुका:
- गरमच मिक्सरला लावणं. जवसात जवळपास ४० टक्के तेल. चटणीचा गोळा होतो.
- महिन्याभराची करून ठेवणं. दळलेला जवस लवकर खवट होतो. आठवड्यापुरतीच कर, लसूणही कोरडा भाजून घाल.

तिथल्या मित्रांना सॅलडवर द्यायची असेल तर घट्ट दह्यात दोन चमचे कालव, पण वाढतानाच. ठेवलीस तर चिकट होते. भिवापुरी मिरची घरून मागव, तिथल्या मिरचीत तो रंग नाही.