आधी वायनरी, मग उत्सव

तुमचा बेत असा आहे: उन्हाळ्यातला एक दिवस, सकाळी छोट्या गावातला उत्सव, दुपारनंतर तिथलीच वायनरी, सोबत सासूबाई आणि सात वर्षांची लेक. एका दिवसात दोन्ही जमेल का, असं विचारलंय. जमेल, आणि धावपळ न होता जमेल. फक्त क्रम उलटा करा. मी अशा सहली बऱ्याच केल्या आहेत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही सकाळी उत्सव आणि दुपारी वायनरी असंच करायचे. दुपारी वायनरीत पोचेपर्यंत सगळे उन्हाने शिणलेले असायचे, जिभेवर सकाळपासून खाल्लेल्या तिखट-गोडाची पुटं चढलेली असायची आणि तिथला माणूस जीव तोडून काय सांगतोय याकडे कुणाचंच लक्ष नसायचं.

छोट्या गावाच्या उत्सवाला खरा रंग ऊन उतरल्यावर चढतो. दुपारी एक ते चार रस्ते तापलेले असतात, मांडवात जागा नसते आणि कार्यकर्तेही सावली शोधत असतात. याउलट वायनरीत दुपारी बसायला गारवा असतो. पिंपं ठेवायचं तळघर साधारण १२ ते १५ अंशांवर ठेवतात, त्यामुळे सासूबाईंसाठी एक शाल नक्की घ्या. बाहेर घामाच्या धारा आणि आत हुडहुडी, हा बदल वयस्कर माणसाला पटकन बाधतो. पण तिथे सकाळीच पोचा, म्हणजे दुपारचं ऊन आत निघून जाईल; वाइन चाखायलाही सकाळची वेळच बरी. जाणकार चाखणारेही सकाळी अकराच्या आसपास बसणं पसंत करतात, कारण तेव्हा जीभ आणि नाक ताजं असतं. मात्र उपाशीपोटी जाऊ नका. पोटभर पण सौम्य नाश्ता करून जा आणि त्या दिवशी अत्तर लावू नका. उग्र वास अंगाला असला की पेल्यातला वास येतच नाही, शेजारच्यालाही नाही.

आता गाडीचं. हा मुद्दा मी प्रत्येकाला सांगते आणि लोक मान डोलावून सोडून देतात. चाखायला देतात ते प्रमाण इवलंसं दिसतं, साधारण ४० मिली. पण पाच प्रकार चाखले की २०० मिली झाले, म्हणजे एका भरल्या पेल्याहून जास्त. १३ टक्के अल्कोहोल धरलं तर त्यात जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं, म्हणजे दोन-तीन तास हवेतच, आणि किती वेळ लागेल हे माणसागणिक बदलतं. कॉफी प्यायल्याने किंवा तोंडावर पाणी मारल्याने हा हिशोब हलत नाही. म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी अजिबात घ्यायची नाही. कोण चालवणार हे आदल्या रात्री घरीच ठरवा, पेला पुढ्यात आल्यावर नव्हे. त्याच्या वाट्याची एक बाटली घरी न्यावी, हा आमच्याकडचा नियम. बाकीच्यांनीही दोन प्रकारांमध्ये पाणी प्यावं. उन्हात शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि अल्कोहोलने लघवी वाढते. टेबलावर चाखलेली वाइन थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं ते बिनधास्त वापरा. त्यात अपमान नाही, रोज चाखणारे तेच करतात.

चाखताना हलक्या, कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, पांढऱ्या वाइनपासून सुरू करून गडद लालकडे जा आणि गोड शेवटी. गोड आधी घेतली की पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. लेकीला कंटाळा येईल अशी भीती असेल तर एक गंमत करा: काळ्या द्राक्षाचा एक मणी मागून घ्या आणि तिला सोलायला सांगा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून फिका, जवळजवळ पांढराच असतो. लाल वाइनचा रंग सालींतून उतरतो. रस सालींसकट किती वेळ ठेवला यावर रंग ठरतो, गुलाबी वाइनला काही तासच पुरतात. मोठमोठ्या व्याख्यानांनी मला जे कळलं नव्हतं ते एका सोललेल्या मण्याने कळलं.

अर्थात तुम्ही जाल तेव्हा वेलीवर घड असतीलच असं नाही. थंड हवेच्या प्रदेशात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मण्यांत पाणी उतरायला लागतं, म्हणजे ते पिकायला आणि रंग धरायला लागतात. एकाच घडात हिरवे, गुलाबी आणि जांभळे मणी शेजारी शेजारी दिसतात, आणि ते बघायला मिळालं तर बागेतला फेरा चुकवू नका. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात काढणी उन्हाळ्याच्या तोंडाशीच आटोपलेली असते आणि तुम्हाला छाटलेले बोडके वेल दिसू शकतात. म्हणून आधी फोन करून विचारा: बागेत काय आहे, उत्सवाच्या दिवशी वायनरी किती वाजेपर्यंत उघडी आहे आणि लहान मुलांना आत कुठपर्यंत सोडतात. कित्येक ठिकाणी चाखण्याच्या खोलीत मुलांना मज्जाव असतो. दारात कळलं तर दिवसाचा विचका होतो.

क्रम उलटा केल्यावर एकच अडचण उरते, बाटल्यांची. मी एकदा चार बाटल्या डिकीत ठेवून संध्याकाळभर उत्सवात हिंडले. परत आले तर एका बाटलीचं बूच नखभर वर आलेलं आणि लेबलवरून चिकट लाल ओघळ. उघडली तेव्हा ताज्या फळाचा वास गेलेला आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखी चव. बाहेर ३५ अंश असले तर उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात ४५ च्या वर जातं, आणि आतली वाइन तापली की फुगून बूच ढकलते. फसफसणाऱ्या वाइनच्या बाटलीत तर एरवीही बाहेरच्या हवेच्या पाच-सहापट दाब असतो. ती तापलेल्या गाडीत मुळीच ठेवू नका, फुटू शकते. पैसे भरून बाटल्या तिथेच ठेवा आणि परतताना घ्या, बहुतेक ठिकाणी आनंदाने ठेवून घेतात. त्यांची बंद व्हायची वेळ लवकर असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्मोकोलची पेटी घरून न्या.

उत्सवाकडे साडेचार-पाचला वळा. मुख्य रस्ता बंद असतो, तेव्हा गाडी गावाबाहेरच लावा आणि तोंड परतीच्या दिशेला ठेवा. गर्दीत फोनला रेंज मिळत नाही, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. लेकीच्या मनगटावर तुमचा नंबर बॉलपेनने लिहा आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. सासूबाईंना मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या ओसरीखाली आधीच बसवा. आपण मधूनमधून येत-जात राहायचं. वयस्कर माणसाने विचारलं तर गावातली माणसं स्वतःची खुर्ची काढून देतात. दरवेळी दिली आहे. त्यांच्याशी जरा बोलत बसा, मिरवणुकीत कोण कुणाचं हे तेच सांगतील.