भुरीवर चालणारं औषध डाऊनीवर का चालत नाही?

गेल्या अंकात पेशीपटलाचा ओझरता उल्लेख केला होता. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं एक अतिशय पातळ पटल असतं, एवढंच. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेते आहे. मथळ्यातला प्रश्न दुसऱ्या पत्राचा आहे; भुरी आणि डाऊनी हे द्राक्षवेलीवरचे दोन रोग. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

नाशिकरोडहून एक आई लिहितात: मुलगा अकरावी सायन्सला आहे. पेशीपटलाची आकृती तो घडाघडा काढतो. गोल डोकी, प्रत्येकाला दोन शेपट्या, अशा दोन रांगा समोरासमोर. मी विचारलं, दोनच रांगा का? तर म्हणाला, 'तसंच असतं.' मी कॉमर्सची. मला समजेल असं सांगाल का? आणि हे कुणी बघितलं?

ताई, मी तीस-एक वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवली. हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की मी त्या दिवशीचा पोर्शन बाजूला ठेवायचे.

एक डोकं आणि दोन शेपट्या मिळून फॉस्फोलिपिडचा एक रेणू होतो. डोक्यात फॉस्फेट असतं, त्यावर विद्युतभार असतो, म्हणून त्याचं पाण्याशी जमतं. शेपट्या म्हणजे मेदाम्लांच्या लांब साखळ्या. त्या तेलाच्या जातीच्या, त्यांना पाणी सोसत नाही. असे रेणू पाण्यावर पसरले तर त्यांचा एकच थर होतो. डोकी पाण्यात, शेपट्या वर हवेत. पण पेशीला हवेची बाजूच नाही. आत पाणी, बाहेरही पाणी. मग शेपट्यांनी जायचं कुठे? दोन थरांनी आपल्या शेपट्या एकमेकांकडे वळवल्या तरच त्या कोरड्या राहतात. म्हणून दोन. तिसरा थर लावून बघा, त्याच्या शेपट्या पुन्हा पाण्यात उघड्या पडतील. कडेलाही तीच अडचण, त्यामुळे असा पापुद्रा स्वतःवर वळून मिटतो आणि पिशवी तयार होते. या रेणूंना एकमेकांशी बांधणारा पक्का रासायनिक बंध इथे नाही. भोवतालचं पाणीच त्यांना एकत्र ढकलून ठेवतं. म्हणून तर प्रयोगशाळेत पेशीला अतिसूक्ष्म सुई टोचून काढली की भोक आपलं आपण बुजतं.

कुणी बघितलं? आधी बघितलं नाही, मोजलं. 1925 साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आतली इतर पटलंही नसतात, त्यामुळे जो मेद निघेल तो बाहेरच्या पटलाचाच. तो मेद त्यांनी अ‍ॅसिटोनने काढला, पाण्यावर एकपदरी पसरवला आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. गंमत अशी की त्यांच्या दोन चुका होत्या. अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता, आणि वाळलेल्या पेशींवरून काढलेलं पेशीचं क्षेत्रफळही कमी आलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं! प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असं झालं असतं तर मी पूर्ण मार्क दिले नसते, पण विज्ञानाने दिले. पुढे 1950 नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटलाच्या छेदात दोन गडद रेघा आणि मध्ये एक फिकी रेघ दिसली. सगळी जाडी साडेसात नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या वहीच्या कागदाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त पटलं बसतील.

आता मुलाला मुद्दाम सांगा की पुस्तकातली आकृती स्थिर आहे, पटल स्थिर नाही. गाइडांमधून 'पेशीची भिंत', 'पेशीचा द्वारपाल' असं लिहिलेलं असतं, त्याचा मला फार राग येतो. भिंत वेगळी. वनस्पतीच्या पेशीला पटलाच्या बाहेर सेल्युलोजची पेशीभित्तिका असते, आपल्या पेशीला ती नसतेच. पटल मात्र वाहतं. सिंहस्थातल्या पर्वणीला रामकुंडावरची गर्दी आठवा. खांद्याला खांदा लागलेला, तरी माणूस सरकत सरकत कुठल्या कुठे पोचतो. पण त्या गर्दीत कुणी खाली डोकं वर पाय होत नाही. फॉस्फोलिपिडचंही तसंच. शेजाऱ्याशी जागा बदलणं सेकंदाला कोटीच्या घरात चालतं, पण या थरातून पलीकडच्या थरात उलटं होणं क्वचित, आणि त्यासाठी पेशीला खास विकरं (एन्झाइम) लागतात.

प्रथिनंही अशीच तरंगतात. 1970 मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली. एकीच्या प्रथिनांना हिरवा चमकणारा रंग लावला होता, दुसरीच्या प्रथिनांना लाल. सुरुवातीला जोडपेशी अर्धी हिरवी, अर्धी लाल. 37 अंशांना ठेवली, तर चाळीस मिनिटांत रंग सगळीकडे मिसळले. 15 अंशांच्या खाली ठेवली तेव्हा मिसळणं जवळपास थांबलं. दोन वर्षांनी, 1972 मध्ये, सिंगर आणि निकोलसन यांनी जे फ्लुइड मोझेक मॉडेल मांडलं, ते तुमच्या मुलाला पाच मार्कांना येतं. त्याआधीच्या 1935 च्या मॉडेलमध्ये प्रथिनं मेदाच्या दोन्ही बाजूंना लेपासारखी दाखवली होती. नव्यात ती मेदात रुतलेली आहेत, काही तर आरपार.

या आरपार प्रथिनांशिवाय पेशी उपाशी मेली असती. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मेदातून सहज जातात. साखर जवळपास जात नाही, सोडियम-पोटॅशियमसारखे भारित कण तर नाहीच. पाणी थोडं थोडं झिरपतं, पण घाईने न्यायला अ‍ॅक्वापोरिन नावाच्या वाटा आहेत. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 चं नोबेल मिळालं. आणि सोडियम-पोटॅशियम पंप हे आरपार प्रथिन एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या एका रेणूच्या मोबदल्यात तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. तांबड्या पेशीच्या पटलात वजनाने जवळजवळ निम्मी प्रथिनंच असतात.

मुलाला एक प्रयोग करायला लावा. बीटाच्या फोडी आधी स्वच्छ धुऊन घ्या, म्हणजे चिरताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईल. मग काही गार पाण्यात ठेवा, काही कढत पाण्यात. गार पाणी बराच वेळ स्वच्छ राहतं, कढत पाणी बघता बघता लाल होतं. रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पाणीदार पिशवीत, असतो. उष्णतेने तिचं पटल आणि पेशीचं पटल, दोन्ही फाटतात. पेशीभित्तिका जागेवरच असते, तिला रंग अडवता येत नाही.

पिंपळगाव बसवंतजवळून एक द्राक्ष बागायतदार: ऑक्टोबर छाटणीनंतर भुरीसाठी हेक्झाकोनॅझोल मारलं. भुरी आटोक्यात आली, पण त्याच बागेत डाऊनी पानोपान पसरली. शेजारी म्हणतात औषध डुप्लिकेट निघालं. खरं काय?

दादा, औषध डुप्लिकेट असतं तर भुरीही थांबली नसती. ते त्याच्या कामाला चोख लागलं. डाऊनी त्याच्या हद्दीतच येत नाही.

भुरी ही खरी बुरशी. बुरशीच्या पटलात फॉस्फोलिपिडांच्या मध्ये अर्गोस्टेरॉल नावाचा रेणू बसलेला असतो. पटल फार सैल होऊ नये, फार आखडूही नये, हे तो सांभाळतो. तुमचं हेक्झाकोनॅझोल बुरशीचं एक विकर अडवतं, त्यामुळे अर्गोस्टेरॉल बनत नाही. त्याच्या जागी अर्धवट घडलेले रेणू साठतात, पटल बिघडतं, बुरशीची वाढ थांबते. गजकर्णावर लावायचं क्लोट्रिमॅझोलचं मलम याच विकरावर काम करतं. शेतातलं औषध आणि घरातलं मलम, निशाणा एकच.

डाऊनी दिसते बुरशीसारखी, पण तिचं कूळ वेगळं. ती ऊमायसीट गटातली, म्हणजे नात्याने समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना जवळची. तिच्या भित्तिकेत बुरशीसारखं कायटिन मुख्य नसतं, सेल्युलोज असतं. आणि अर्गोस्टेरॉल ती बनवतच नाही. या गटातली बटाट्याच्या करप्याची फायटोफ्थोरा घ्या, तीही स्वतः स्टेरॉल, म्हणजे अर्गोस्टेरॉलच्या जातीचे रेणू, बनवत नाही, लागलं तर यजमान झाडाकडून उचलते. जो कारखानाच नाही तो बंद कसा पाडणार? म्हणून डाऊनीची औषधं दुसरीकडे मारा करतात. मेटॅलॅक्झिल तिचं आरएनए बनणं अडवतं, डायमेथोमॉर्फ सेल्युलोजची भित्तिका बनू देत नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करतं. ते 1885 च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्डो भागात डाऊनीसाठीच पुढे आलं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. या फवारणीला हेक्झाकोनॅझोल, पुढच्या वेळी टेब्युकोनॅझोल, मग डायफेनोकोनॅझोल, अशी 'औषधं आलटूनपालटून मारतो' असं बरेच जण समजतात. ही आलटापालट नाही. तिन्ही त्याच विकरावर जातात. मायक्लोब्यूटॅनिल नावाने वेगळं वाटलं तरी त्याच घराण्यातलं. एकाच जागी सारखा मारा झाला की त्या जागी बदल झालेली भुरी तेवढी शिल्लक राहते आणि पुढच्या हंगामात तीच वाढते. मध्ये गंधक किंवा वेगळ्या गटाचं औषध घ्या. मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस मात्र माझ्या पत्रावरून ठरवू नका. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी बघा, विशेषतः माल निर्यातीला जाणार असेल तर.

लासलगावहून: चाळीत कांद्याचा डोंगर असतो, तिथे दिवसभर काम केलं तरी डोळ्यांना पाणी येत नाही. घरी एक कांदा चिरला की धारा. असं का?

चाळीतल्या कांद्याची पटलं शाबूत आहेत म्हणून. कांद्याच्या पेशीत अ‍ॅलिनेज हे विकर रिक्तिकेत बंद असतं आणि ज्यावर ते काम करतं ती गंधकयुक्त संयुगं बाहेर पेशीद्रवात. मध्ये फक्त रिक्तिकेचं पटल. सुरी फिरली की पटल फाटतं आणि दोघांची गाठ पडते. त्यातून जे बनतं त्याचं आणखी एक विकर डोळ्यांना झोंबणारा वायू करतं. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिलं, तोपर्यंत तो वायू आपोआप बनतो असंच समजत होते. बोथट सुरीने पेशी जास्त चिरडतात, म्हणून सुरीला धार लावा. कांदा आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवला तर विकरं मंदावतात, वायूही कमी उडतो.

इंदिरानगरहून एक निवृत्त गृहस्थ: माझं कोलेस्टेरॉल वाढलंय. तुमच्या लेखानंतर वाचलं की ते प्रत्येक पेशीत असतं. मग ते कमी करण्याची गोळी पेशींना मारक नाही का? शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' असतं, ते चांगलं का?

काका, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, हे पहिलं. वाचलंत ते खरं आहे. तांबड्या पेशीच्या पटलात तर जवळपास दर फॉस्फोलिपिडमागे एक कोलेस्टेरॉलचा रेणू असतो. कड्यांचा ताठ रेणू तो, शेपट्यांच्या मध्ये बसतो. ऊब असेल तर त्यांची हालचाल आवरतो, गारठ्यात त्यांना एकमेकींना चिकटून थिजू देत नाही. पण तुमच्या रिपोर्टमधला आकडा पटलातल्या कोलेस्टेरॉलचा नाही. तो रक्तातून कणांवर स्वार होऊन फिरणाऱ्या कोलेस्टेरॉलचा आहे, आणि त्यातलं एलडीएल जास्त झालं की ते रोहिणीच्या भिंतीत साठतं. शरीराला लागणारं कोलेस्टेरॉल बहुतांशी शरीरच बनवतं. औषधाने ते बनणं कमी होतं, शून्य होत नाही.

डब्यावरची ओळ खरी आहे, पण त्यात कंपनीचं कौतुक काही नाही. वनस्पतींच्या पटलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, त्यांच्याकडे सिटोस्टेरॉलसारखे त्यांचे स्वतःचे स्टेरॉल असतात. शेंगदाण्याचं असो, सूर्यफुलाचं असो, साधं घाण्यावरचं असो, सगळीच तेलं त्या अर्थाने 'फ्री'. किती वापरता ते महत्त्वाचं.

सिडकोतून एक तरुणी: भावाच्या ऑपरेशनच्या वेळी कळलं की त्याचा रक्तगट 'बॉम्बे' आहे. आधीच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह होतं. ओ गट तर कुणालाही चालतो म्हणतात, मग त्याला ओ रक्त का चालत नाही?

पटलाचा तिसरा घटक राहिलाच होता, तुमच्यामुळे तो आला. मेद झाला, प्रथिनं झाली. बाहेरच्या बाजूने या दोघांना शर्करेच्या छोट्या साखळ्या जोडलेल्या असतात. बाहेरच, आतल्या बाजूने नाही. रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीवरच्या या साखळीचं टोक. आधी एच नावाची पायाभूत रचना तयार होते. तिच्यावर एक विशिष्ट शर्करा बसली की ए गट, दुसरी बसली की बी, दोन्ही प्रकार असले की एबी. काहीच बसलं नाही आणि नुसती एच राहिली, तर ओ.

तुमच्या भावाकडे एच सुद्धा नाही. ए नाही, बी नाही, म्हणून साध्या तपासणीत तो ओ दिसतो. पण ओ रक्ताच्या पेशींवर एच खच्चून भरलेली असते, आणि भावाच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) आहेत. ओ रक्त चढवलं तर ती त्या पेशींवर तुटून पडतील. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. हा गट मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये जगासमोर आणला, नाव त्यावरूनच पडलं.

त्याच्या पेशींबरोबर त्याचा रक्तद्रवही तपासला, म्हणजे तो ओ पेशींशी मिसळून बघितला, की गुठळ्या होतात आणि गट उघड होतो. जुनं कार्ड आजच बाद करा, नवं त्याच्या पाकिटात ठेवा. ऑपरेशन पुढे ढकलता येण्यासारखं असेल, तर त्याचंच रक्त आधी काढून साठवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि तुम्ही स्वतः तपासून घ्या. हा गुण आईवडील दोघांकडून यावा लागतो. त्या दोघांत तो लपलेला असेल तर प्रत्येक सख्ख्या भावंडात तो उतरण्याची शक्यता चारांत एक. तुमच्या कार्डावरही 'ओ' लिहिलेलं असेल तर उशीर करू नका.